दगडफुलाची शपथ

वसुधाताई,

शपथ घालून माणसानं असं निघून जायचं असतं का? जायचंच होतं तर आधी 'सुटली' म्हणायचं होतंत, मग खुशाल जायचं होतंत! आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून भागत नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, कॉलेजात पोरं शिकवणाऱ्या. एवढं साधं कळू नये? आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

आणि शपथ तरी कसली, तर स्वतःच्या गळ्याची! "तानाबाई, हा कातळ कुणाला दाखवलात तर माझ्या गळ्याची शपथ आहे." म्हणजे मी बोलले तर तुम्हाला काहीतरी होणार. मी बोलले नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, भोरला दिलेल्या लेकीला नाही. तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी पंचक्रोशीत ख्याती, आणि मी इतकी वर्षं दातखीळ बसल्यासारखी गप्प. तरी तुम्ही गेलातच! मी शपथ पाळली आणि तुम्ही गेलात, हे कुठल्या कायद्यात बसतं, सांगा बघू.

पत्र आत्ताच का, तर येत्या शुक्रवारी ग्रामसभा आहे. आमच्या वाडीचा रस्ता अखेर मंजूर झाला. मोजणीवाले येऊन चुन्याची रेघ मारून गेले. कुठनं मारावी? ओढा ओलांडून, वाघजाईच्या राईच्या कडेनं, सरळ तुमच्या कातळाच्या नाकावरनं! सरपंच म्हणतात, जेसीबीनं तेवढं नाक उडवलं की वळण सरळ होतंय. तेवढं नाक! अहो, तेवढंच तर आहे. बाकी डोंगर न्या म्हणावं उचलून.

मी चौथी पास, जोडाक्षरात पाय अडकतो माझा. चुकलं तर समजून घ्या, लाल पेन घेऊन बसू नका वर.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो? गुंजवण्याला एसटीतून उतरून चालत वर आलात, पाठीला पिशवी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. राम राम नाही, पाणी नाही, सरळ जाऊन आमच्या आंब्याच्या खोडाला तोंड लावलंत. मला वाटलं, बाईला उन्हाची चक्कर आली. पळत गेले.

"बाई, पानी आनू का?"

"थांबा हो, हलू नका. तुमची सावली पडतेय."

माझ्याच अंगणात मला म्हणे हलू नका! दुसरी कुणी असती तर तिला मी मिरच्यांवर बसवली असती. पण तुमचा तो खेकसण्याचा सूर मला आवडला. म्हटलं, ही आपल्यातलीच दिसतेय.

त्या दिवशी जेवायला बसलात. काळ्या मसाल्याची आमटी होती. दोन वाट्या ओरपलीत आणि मग विचारलंत, मसाल्यात काय काय घालता. मी सांगत गेले, धने, खोबरं, तीळ, दगडफूल. दगडफूल म्हटल्याबरोबर तुमचा घास थांबला.

"कुठलं दगडफूल?"

"कुठलं म्हंजी? हितलंच की. झाडावरचं खरवडून आनतो आमी बाया. पोतंभर निघतं."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, आता ही बाई ताटावरनं उठणार. पण तुम्ही तिसरी वाटी पुढं केलीत. "खाल्लं ते खाल्लं," म्हणालात. "पण तानाबाई, खरवडू नका. वाऱ्यानं फांद्या मोडून पडतात ना, त्यांच्यावरचं घ्या. झाडावरचं परत यायला माझं-तुमचं आयुष्य जाईल."

मी तेव्हा फणकारले होते. आता ऐका, आमच्या वाडीतल्या बाया अजून पडल्या फांद्यांवरचंच घेतात. कमी मिळतं, कुरकुर होते, पण घेतात. तुमच्यापुढं कबूल केलं नाही कधी. तुम्ही चढून बसला असतात.

मग तुम्ही येतच राहिलात. कधी आमच्याकडं, कधी माझ्या माहेरच्या बाजूला हिर्डोशीकडं, वरंध्याच्या डोंगरात. कुठलं दगडफूल कुठल्या उंचीवर आहे, कुठलं गेलं, कुठलं राहिलं, ते बघत. मी पिशवी धरायची आणि बडबड करायची. एकदा ओढ्याकाठी मी विचारलं, हे फूल नाही, झाड नाही, तर आहे तरी काय?

तुम्ही म्हणालात, "संसार आहे. एक बुरशी असते आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न करतं, दोघांचं."

"म्हंजी एकानं घर बांधायचं न दुसरीनं मरंस्तवर रांधायचं? ह्यात तुमी नवीन काय शोधून काढलं?"

इतक्या हसलात, इतक्या हसलात, की भिंग ओढ्यात पडलं. मी साडी खोचून पाण्यात उतरले आणि काढून दिलं. मग तुम्ही त्यातनं मला पाणवठ्याच्या धोंड्यावरचं एक दगडफूल दाखवलंत, त्यावर खसखशीएवढे काळे ठिपके. म्हणालात, ही आणखी एक बुरशी, तिसरीच. ही घर बांधत नाही, रांधत नाही, ह्या दोघांच्या घरात येऊन राहते आणि ह्यांचंच खाते.

"घरजावई!" मी म्हटलं.

तेव्हापासून तुम्हीसुद्धा घरजावईच म्हणायला लागलात. फोनवर तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या त्या केतकीला सांगत होतात, "अगं, इथं घरजावईपण सापडला." ती बिचारी तिकडं कुठल्या पुस्तकात घरजावई शोधत बसली असेल कोण जाणे!

पण तुमचं एक बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. तुम्ही म्हणालात, ह्या घरजावयाला दुसरं घर चालत नाही. तो ह्या एका जातीच्या दगडफुलावरच राहतो. सासर बुडालं की जावईही बुडाला, मागं नावसुद्धा राहत नाही. आणि ती जात तुम्हाला सगळ्या डोंगरात एकाच धोंड्यावर दिसली होती, आमच्या पाणवठ्याच्या.

त्या धोंड्याचं आठवलं की मला अजून हसावं का रडावं कळत नाही.

तुम्ही काय करायचात? गुडघे टेकून, कपाळ धोंड्याला भिडवून, भिंग डोळ्याला लावून बसायच्या. बसायच्या म्हणजे किती! पाण्याला येणाऱ्या बाया हंडा भरून जायच्या, परत यायच्या, तरी तुम्ही तशाच. पुण्याची बाई, चष्मा लावणारी, आणि धोंड्यापुढं माथा टेकते? धोंड्यात काही असल्याशिवाय टेकते होय?

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पहिलं कुंकू लावलं. मग कुणी तेल घातलं. मग शेंदूर. मग एकीच्या पोराचा ताप उतरला, आणि झालं! नारळ फुटले, निशाण लागलं, पाणवठ्याची वाट गर्दीनं चिखल झाली. तुम्ही पावसाळ्यानंतर आलात तेव्हा धोंडा शेंदरानं लालभडक, आणि तुमचं दगडफूल तेलाखाली गुदमरून काळं पडलेलं. नखानं जरा हलवलंत तर भुगा हातात आला.

मी आत्याबाईंवर ओरडायला निघाले होते. तुम्ही माझा हात धरलात. "त्यांच्यावर कशाला ओरडता? त्यांनी मायाच केली. मीच जास्त वाकले." आणि तिथंच शेंदराच्या धोंड्यापुढं बसून रडलात. मी तुम्हाला रडताना तेव्हाच बघितलं, आधी नाही, नंतर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना वाटलं, बाईंच्या अंगात आलं!

पुढच्या वर्षी तेच दगडफूल तुम्हाला पुन्हा सापडलं. राईच्या टोकाला तो कातळ पुढं आलाय, नाकासारखा, त्याच्या खालच्या अंगाला, जिथं ऊन लागत नाही पण धुकं लागतं. धिरडं तव्यावर टाकल्यावर कडा उचलते ना, तशी त्याची कडा. मधे मसुरीच्या डाळीएवढ्या तांबूस वाट्या. आणि त्यावर आमचे काळे घरजावई! तुम्ही ओरडला नाहीत, नाचला नाहीत. आधी मागं वळून बघितलंत, कुणी येतंय का. मग माझं मनगट धरलंत आणि ती शपथ घातलीत.

मला तेव्हा राग आला होता, सांगते. माझ्यावर भरवसा नाही होय? पण रात्री भाकरी थापताना मनात आलं, सगळं गाव सोडून बाईनं तोंडाळ तानीलाच का दाखवलं? दाखवायचंच नव्हतं तर एकटी येऊन बघून गेली असती. तेव्हा कुठं राग उतरला.

आणि मग एका पावसाळ्यात तुम्ही आलाच नाहीत. फोनवर म्हणालात, गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी चढ चढू नका सांगितलंय. मी म्हटलं, तेल लावून ठेवते, या. तुम्ही हसलात. आवाज बारीक झाला होता, मला कळलं होतं, तरी मी आपली लावणीच्या गडबडीत, चिखलाच्या हातानं फोन धरलेला, "बरं बरं, दिवाळीला या" म्हणून ठेवला. गुडघा म्हणे! गुडघ्यानं माणूस मरतं का? खरं सांगितलं असतंत तर मी नाचणीची पेज घेऊन आले असते. तुमच्या घरच्यांना आवडो न आवडो, उशाशी बसून पाजली असती. तुम्ही मला ते करू दिलं नाहीत. ह्याचा राग मात्र उतरत नाही.

केतकीनं फोन केला तेव्हा मी मार्गासनीला एसटीची वाट बघत उभी होते, वेगळ्याच कामाला निघालेली. तशीच तुमच्याकडं आले. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दारात चपलाच चपला. मला कुणी ओळखत नव्हतं. मी दारातनंच हात जोडले. अंगणातल्या चाफ्याच्या खोडावर साधं राखाडी दगडफूल आलेलं दिसलं. त्याला हात लावला आणि आले परत.

आता तुम्ही म्हणाल, रस्त्याला नाही म्हणा. नाही म्हणणार! स्पष्ट सांगते, रस्ता आम्हाला पाहिजे. आमच्या सुनेला भर पावसात झोळीत घालून खाली नेलं तेव्हा तुम्हीच छत्री धरून पळत होतात ना? गुंजवण्याला पोचायच्या आत भाताच्या बांधावरच नातू झाला. तुमच्या ओढणीत गुंडाळला त्याला. पोरगं नशिबाचं म्हणून वाचलं. दर वेळी नशीब कुठनं आणायचं? दगडफुलासाठी बाया मरू देत, असं तुम्ही कधी म्हणणार नाही, आणि म्हणाला असतात तर मी तुम्हाला घरात घेतलं नसतं.

पण रस्ता नाकावरनंच जायला पाहिजे असं कुठं आहे? खालनं वळण घेतलं तर आमच्या नाचणीच्या वरकस, उताराच्या तुकड्याच्या कडेनं जातो. थोडा लांब पडेल, पण जातो. मी मागच्या आठवड्यात मालकांना म्हटलं.

"म्हंजी माझ्या नाचणीवरनं?" ते ताटावरनं उठायचेच बाकी राहिले.

"कडंनं. एक पट्टा द्यायचा."

"न कातळ काय तुझ्या बापाचा हाय? फोडंनात का. कारन काय?"

"कारन न्हाई सांगता येत."

मालकांनी घास खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावला. "तुला? तुला सांगता येत न्हाई? ताप आलाय का काय!"

बघा, काय वेळ आणलीत माझ्यावर. मग मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "पट्टा देतो. पर गावानं इचारलं तर मी काय सांगू, बायकूला ताप आला व्हता म्हनून?" देतायत ते. माणूस वाईट नाही, मंद आहे.

केतकी पण आलीय. तुमचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला माझ्या ओटीवर मुक्काम ठोकून बसलीय. सकाळी जाते, संध्याकाळी काट्यांनी ओरबाडून येते. तिच्याकडं तुम्ही ठेवलेला त्या दगडफुलाचा वाळका तुकडा आहे, कागदात गुंडाळलेला, आणि वर काय लिहिलंय, तर 'वेल्हे तालुका'. एवढंच! अहो, वेल्हे तालुका काय परसदार आहे का, एका चकरेत बघून व्हायला? पोर काल बसल्या बसल्या रडली. "मावशी, ती जागा मिळाली नाही तर मी कुणाला काय दाखवू? आहे म्हणून कोण मानेल?" मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दुसरं काय करू? घशाशी आलेलं गिळून मलाच ढेकर यायला लागलेत.

तुम्हाला वाटेल, तानी नुसतं पत्र लिहून मोकळी झाली. नाही. आधी देवीकडं गेले. वाघजाईला कौल लावला. पुजाऱ्याला म्हटलं, काय ते विचारू नकोस, नुसत्या कळ्या लाव. उजवी पडली तर शपथ सुटली, डावी पडली तर नाही. त्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. मी बसले. बसले. दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत. दिवस कलला तेव्हा पुजारी कंटाळून म्हणाला, "काकू, घरला जावा. ज्यानं शपथ घातली त्यानंच ती सोडवायची. दुसऱ्याच्या शपथेत देवी मधी पडत न्हाई."

म्हणून हे पत्र. देवीनं हात वर केलेत, आता सगळं तुमच्यावर आहे.

पण मुख्य गोष्ट पुढंच आहे, ती नीट ऐका.

परवा दुपारी आत्याबाई अंगणात कडधान्य निवडत बसल्या होत्या. वय झालंय, कान गेलेत, नजर मात्र घारीची. मी आपलं आडवळणानं विचारलं, "आत्याबाई, एक वस्तू हाय. कुठं हाय ते सांगायचं न्हाई, पर राखायची हाय. तर काय करावं मानसानं?"

त्यांनी सुपातनं मानसुद्धा वर केली नाही. "नाकाखालचं म्हनतीस व्हय?"

माझ्या हातातली कळशी खाली पडली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय? बाई पानवठ्याला माथा टेकायची ती बंद झाली, न कातळाखाली टेकाया लागली. मी शेळ्या वळत व्हते तितं. आंधळी हाय का मी?"

"मग तितं कुंकू न्हाई लावलं तुमी?"

आता त्यांनी मान वर केली. "एकडाव लावलं तवा ती कशी रडली, बघितलं न्हाई व्हय? लेकरू गेल्यावानी रडली. ज्याला आपलं कुंकू सोसत न्हाई त्याला कशाला लावायचं? मी शेळ्या बी तिकडं न्हेल्या न्हाईत पुन्हा."

ताई, ऐकलंत? तुम्हाला भीती ज्यांची, त्या म्हातारीनं इतकी वर्षं ते राखलं. शपथ न घालता! माझ्यासारखीला तुम्ही गळ्याची शपथ घालून बांधलंत, आणि ती आपली नुसतं तुमचं रडणं बघून गप्प राहिली. मला म्हणाल तर जरा लाजच वाटली. तुम्हालाही वाटू दे थोडी. आम्हाला कळत नाही म्हणून आम्ही शेंदूर फासला, हे खरं. पण कुणी आम्हाला सांगितलं होतं? तुम्ही भिंगातनं मला दाखवलंत. आत्याबाईंना एकदा दाखवलं असतंत तर?

मी म्हटलं, मग ग्रामसभेत तुम्हीच बोला. तर म्हणतात कशा, "मला ऐकाया येत न्हाई, मी काय बोलू? न ती बाई तुझी व्हती. तूच बोल. म्हनावं, राईची शीव नाकाच्या पुढं सरकवा. राईतलं कोन काय घेतंय?"

हे माझ्या डोक्यात का आलं नाही? राईचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. वाळकी काडी पडली तरी उचलायची नाही. चुलीला सरपण नसलं तरी नाही. आमच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही, ती राईत शिरताना हात मागं बांधूनच शिरतात. कातळ राईत धरला की जेसीबी तिथं कोण नेतोय? सरपंचांची स्वतःची आई त्यांना उंबऱ्यावर उभं करणार नाही.

मी त्यात माझं एक जोडणार आहे. राईतनं काही घ्यायचं नाही, तसं नाकाखाली काही द्यायचंही नाही. तेल नाही, कुंकू नाही, नारळ नाही. फोडायलाही हात लावायचा नाही आणि पुजायलाही नाही. लोक विचारतील, का? तिथंच माझी गाडी अडते. का ते सांगायचं तर सगळं सांगावं लागतं. तो बुरशी-शेवाळाचा संसार, तो घरजावई, ते पाणवठ्याचं, तुमचं रडणं, सगळं. अर्धं सांगितलं तर पुन्हा कुणीतरी शेंदूर घेऊन येईल. गप्प बसले तर जेसीबी येईल. आणि पुरं सांगायला तुमची शपथ आडवी!

काल एकटीच जाऊन बघून आले. केतकी दुसऱ्या डोंगराला गेली होती. ताई, ते वाढलंय हो! थोडंच, तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही इतकं. तुमच्या वेळी कातळाच्या चिरेपर्यंत होतं, आता कडा चिरेवर चढलीय. घरजावई आहेत जागेवर, मजेत. आणि शेजारच्या दगडावर, खालच्या अंगाला, शर्टाच्या गुंडीएवढं एक नवं दिसलं. कडा तशीच, धिरड्यासारखी. तेच असेल का? मला भिंगाशिवाय नक्की सांगता येत नाही. पण मी दगडासारखी उभी राहिले बघून. माझी सावली पडू नये म्हणून बाजूला सरकले, आणि मग एकटीच हसले.

येताना पाणवठ्याच्या धोंड्याकडंही वळले. आत्याबाईंनी हात आखडता घेतला तसा बाकीच्यांनीही घेतला, हळूहळू. पावसांनी शेंदूर बराच धुऊन नेलाय. कडेला राखाडी ठिपके धरलेत. तुमचं नाही ते, साधंच कुठलंतरी. पण आलंय. तेलातनं, शेंदरातनं वर आलंय. मला लई बरं वाटलं.

आता माझा शब्द ऐका. तुम्ही 'सुटली' म्हणालात की शुक्रवारी मी ग्रामसभेत उभी राहीन आणि सगळं बोलेन, एक दाणा मागं ठेवणार नाही. आदल्या सकाळी केतकीला कातळ दाखवीन. आत्याबाईंना धरून तिथं नेईन आणि भिंग त्यांच्या डोळ्याला लावीन, राहिलंय ते काम पुरं करीन. मालकांचा पट्टा त्यांच्या तोंडून वदवून घेईन. पुढं वाडीतल्या एकेका बाईला भिंगातनं घरजावई दाखवीन, म्हणजे राखणाऱ्या आम्ही सगळ्याच. कुणी तेलाची वाटी घेऊन आलं तर तिला वाटीसकट घरी पोचवीन. आणि केतकीला पहिल्या दिवशीच सांगेन, बाई गं, बसायचं तर गोणपाट अंथरून मांडी घालून बस, गुडघे टेकू नकोस. एकीनं टेकले ते पुरे झालं!

म्हणजे आदली सकाळ म्हणजे गुरुवार. तेव्हा उत्तर मला बुधवारी पाहिजे. बुधवारी दुपारची कामं उरकून मी नाकाखाली येऊन बसते, दिवस मावळेपर्यंत. एकटीच. हे पत्र तिथं तुम्हाला वाचून दाखवते, माझं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. मग तुम्ही काय ते बोला. 'नाही' म्हणायचं असेल तर तेव्हाच स्पष्ट म्हणा आणि माझं तोंड बंद करून दाखवा. जिवंतपणी कुणाला जमलं नाही ते. आणि दिवस बुडेपर्यंत काहीच बोलला नाहीत, तर मी 'सुटली' ऐकलं असं धरून उठेन.

नंतर तक्रार चालायची नाही. बुधवार लक्षात ठेवा.

तुमची,
तानाबाई